चोर सोडून वरणाला फाशी

गिरगावात औषधांच्या काउंटरमागे उभं राहून मला 23 वर्षं झाली. गेल्या पंधरवड्यात चार गिऱ्हाइकांनी एकच मेसेज मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला. पाचव्यांदा तो ताईने घरच्या ग्रुपवर टाकला, कारण भावोजींचा पायाचा अंगठा पुन्हा सुजला होता. त्यांना गाउट आहे, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारं दुखणं.

मेसेज थोडक्यात असा: ‘युरिक ॲसिड हे शरीरातलं विष. डाळ, पालक, टोमॅटो, फ्लॉवर आजपासून बंद. रिपोर्ट सातच्या वर गेला की गाउट झालाच समजा, नॉर्मल आला की नाही समजा. रोज उपाशीपोटी लिंबू आणि खाण्याचा सोडा घ्या, 21 दिवसांत स्फटिक विरघळतात. ॲलोप्युरिनॉलची गोळी घेऊ नका. दुखणं वाढतं, किडनी जाते आणि गोळी जन्मभर सुटत नाही.’ खाली ‘मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’. डॉक्टरांना नाव नाही.

सगळ्यात घातक आहे ते ॲलोप्युरिनॉल या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या गोळीबद्दलचं वाक्य. पण आधी वरणाला सोडवू.

युरिक ॲसिड विष नाही. आपल्या पेशी रोज मरतात, नव्या तयार होतात; त्यांच्यातली प्युरिन नावाची द्रव्यं मोडली की ते बनतं. साधारण दोन तृतीयांश माल असा घरचाच असतो, ताटातून येतो तो उरलेला. गाउटच्या बहुतेक पेशंटचा घोळ ते जास्त बनण्यात नसतो, बाहेर पडण्यात असतो. किडनी ते पुरेसं टाकत नाही, आणि त्यामागे बऱ्याचदा आनुवंशिकता असते. तेव्हा ‘खादाडपणाची शिक्षा’ म्हणून पेशंटला टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांनी जरा दमानं घ्यावं.

आता डाळ. डाळीत, पालकात, फ्लॉवरमध्ये प्युरिन असतं, हे खरं. कागदावरच्या तक्त्यात ते दिसतं आणि तिथूनच ही यादी निघते. पण तक्ता वेगळा आणि माणूस वेगळा. अमेरिकेत 47,150 पुरुषांवर 12 वर्षं लक्ष ठेवून केलेला एक मोठा अभ्यास 2004 साली छापून आला. सगळे आरोग्याच्या धंद्यातले लोक होते, फार्मासिस्टसुद्धा, म्हणजे माझेच भाऊबंद. जास्त मांस आणि मासे खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला. डाळी, मटार, मशरूम, पालक, फ्लॉवर जास्त खाणाऱ्यांना तो जास्त झाला नाही. कमी सायीचं दूध-दही घेणाऱ्यांना तर कमीच झाला. टोमॅटो खाल्ला की दुखतं, असं सांगणारे पेशंट मी पाहिलेत. ज्याला तसा अनुभव असेल त्याने टाळावा, पण त्यासाठी सगळ्या सोसायटीने सार बंद करायचं कारण नाही.

भावोजींनी तीन महिने वरण सोडलं होतं. शनिवारची बिअर आणि तिच्याबरोबर तळलेल्या मांदेल्या मात्र चालू! मेसेजमध्ये या दोन्हींचं नाव नव्हतं ना. खरे संशयित तेच. बिअरमध्ये अल्कोहोल आहे आणि वर प्युरिनही. सगळ्या दारूत गाउटशी तिचं नातं सर्वांत घट्ट. मांदेली, तारली, बांगडा यांत प्युरिन भरपूर. सुकवलेल्या मासळीत पाणी गेलेलं असतं, त्यामुळे मूठभर सुकटीत ते दाटून बसतं. जून-जुलैत मासेमारी बंद, घराघरात सुकट-जवळा निघतो आणि पाठोपाठ गटारी येते. काउंटरवर माझे ते दिवस कसे जातात, विचारू नका. वजडी, कलेजी यांचंही तेच. बिनमाशांच्या घरातला चोर म्हणजे गोड कोल्ड्रिंक. त्यातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढतं, आणि बाटलीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिल्याने त्यात फरक पडत नाही.

मासे कायमचे सोडा असं मी कोळीवाड्याच्या शेजारी राहून म्हणणार नाही. प्रमाण ठेवा. पण कितीही कडक पथ्य केलं तरी रिपोर्टमधला युरिक ॲसिडचा आकडा साधारण एकाने उतरतो. नऊचा आठ होतो, आणि आठवर स्फटिक काही विरघळत नाहीत.

रिपोर्टचं वाक्य दोन्ही बाजूंनी चुकलंय. रक्तात युरिक ॲसिड दर 100 मिलिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की ते विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात. बनतीलच असं नाही. आकडा जास्त असलेल्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात हा आकडा आपोआप येतो, लाल अक्षरात येतो, आणि ज्याचं आयुष्यात बोट दुखलं नाही तो माणूस गोळी मागायला येतो. त्रास नसेल तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. याउलट ऐन दुखण्यात आकडा नॉर्मलही येतो. रात्री दोनला अंगठा ठणकायला लागला, पांघरूण टेकलं तरी जीव जातो, सकाळी रिपोर्ट 5.8, आणि मग ‘मुरगळला असेल’ म्हणून मालीश. असं होऊ नये म्हणून दुखणं उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. पक्की खात्री हवी तर सांध्यातलं पाणी सुईने काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक बघतात. ही पद्धत 1961 पासून आहे. आणि सांधा लाल, गरम असून सोबत ताप किंवा हुडहुडी असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झाला तरी तो असाच दिसतो.

लिंबू-सोड्यावर फार शाई घालवत नाही. दोन्ही एकत्र केले की ग्लासातच फेस होऊन मामला संपतो. उरतं ते सोडियम, आणि गाउटवाल्यांपैकी कित्येकांना आधीच बीपी असतं. लिंबूपाणी प्या, साखर न घालता. मुंबईच्या घामात पाणी कमी पडू न देणं चांगलंच, पण तो उपचार नव्हे.

आता गोळी.

‘दुखणं वाढतं’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून तर ते पसरतं. ॲलोप्युरिनॉलने रक्तातलं युरिक ॲसिड उतरलं की सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले स्फटिक सुटायला लागतात आणि त्या हालचालीत दुखणं उसळू शकतं. गाळ ढवळल्याशिवाय विहीर साफ होत नाही. म्हणूनच डॉक्टर 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरुवात करतात, काही आठवड्यांनी वाढवत नेतात आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत सूज-दुखणं आवरणारं कोल्चिसीन थोडं देतात. नेमकं याच काळात लोक अर्धी स्ट्रिप परत घेऊन येतात, ‘ही सूट होत नाही’ म्हणून. गोळी चालू असताना अटॅक आला तर ती बंद करायची नसते. अटॅकचं औषध वेगळं घ्यायचं.

(कोल्चिसीन ‘केमिकल’ वाटत असेल तर सांगतो, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असतं. म्हणून तिचा कंद उकळून प्यायला जाऊ नका, माणूस दगावतो. गोळीचाही डोस मनाने वाढवायचा नाही.)

किडनीची भीती कुठून आली तेही कळतं. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी कमजोर असेल तर सुरुवात आणखी लहान डोसने करतात. त्या सावधगिरीची कानोकानी ‘किडनी जाते’ झाली. आणि ही गोळी नको म्हणणारी माणसं घेऊन काय जातात? डायक्लोफेनॅक. दर महिन्याला, स्ट्रिपच्या स्ट्रिप. किडनीला खरा धोका या पेनकिलरचा, तोही तिच्यावर आधीच ताण असलेल्यांना जास्त. सुरुवातीच्या वर्षांत मीही चिठ्ठी न मागता ते दिलं आहे. आता देत नाही, त्यावरून रोज कोणाशी तरी वाजतं.

ॲलोप्युरिनॉलचा खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. फार थोड्या लोकांना, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, अंगावर गंभीर पुरळ उठतं. पुरळ, ताप, तोंडात फोड यांतलं काहीही दिसलं तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरकडे जायचं. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर आधी सांगायचं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध आलं, 1966 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि 1988 च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. एवढी वर्षं वापरात असलेल्या औषधाचे गुणदोष लपून राहिलेले नाहीत.

‘जन्मभर’ हे मात्र बरंचसं खरं. आकडा सहाच्या खाली आणायचा, स्फटिकांच्या गाठी झाल्या असतील तर पाचच्या, आणि तिथेच ठेवायचा. गोळी सोडली की काही महिन्यांनी स्फटिक पुन्हा जमायला लागतात. बीपीची गोळी जन्मभर घेताना कोणी असा आकांत करत नाही. बीपीवरून आठवलं, त्यातल्या पाणी काढणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड, युरिक ॲसिड वाढवतात. लोसार्टन थोडं उतरवतं. स्वतः काही बदलू नका, पण चिठ्ठी पुढे ठेवून डॉक्टरांना विचारा जरूर. भावोजींच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड निघालं.

हे सगळं मी काल रात्री घरच्या ग्रुपवर लिहिलं. ताईने मेसेज काही डिलीट केला नाही. खाली एवढंच लिहिलं, ‘उद्यापासून डाळ शिजवते. बिअरचं तूच सांग त्यांना.’