‘बारा वर्षांपर्यंत थांबा’ हा दातांबाबतचा सल्ला निम्माच खरा

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा: दुधाचे सगळे दात पडेपर्यंत, म्हणजे साधारण बारा वर्षांपर्यंत, मुलाला तारेच्या डॉक्टरकडे नेऊ नका, वाकडे दात आपोआप सरळ होतात, दुधाचा दात किडला तर काढून टाका, तो पडणारच आहे, आणि लहानपणी उपचार केले तरी पुढे पुन्हा तार लागतेच, म्हणजे पैसे पाण्यात. यातलं थोडं बरोबर आहे, म्हणूनच तो पटतो.

‘आपोआप सरळ होतात.’ काही होतात. सात-आठ वर्षांच्या मुलाचे वरचे पटाशीचे नवे दात फाकलेले दिसतात आणि मधे फट असते. हाडात दडलेले सुळे शेजारच्या दातांच्या मुळांना रेटत असतात म्हणून असं होतं. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरले की दोनेक मिलिमीटरपर्यंतची फट बहुधा मिटते. केवळ त्या फटीसाठी घाईनं तार लावू नये, एवढं त्या मजकुराचं म्हणणं मान्य.

उलटा चावा मात्र सहसा आपोआप सुटत नाही. वरच्या दातांची कमान खालच्या कमानीवर डब्याच्या झाकणासारखी बाहेरून बसायला हवी. वरचा एखादा पुढचा दात खालच्या दाताच्या मागे अडकला, तर प्रत्येक चाव्याला खालचा दात पुढे ढकलला जातो आणि त्याची हिरडी खाली सरकू लागते. दाताला पुढे यायला जागा असेल, तर स्प्रिंगची काढता-घालता येणारी प्लेट हे काम साधारणपणे काही महिन्यांत करते. प्लेटमुळे दाढा थोड्या उचललेल्या राहतात, नाहीतर दात ओलांडून पुढे येणार कसा? प्लेट डब्यात आणि मूल शाळेत, हे उपचार फसण्याचं नेहमीचं कारण.

बाजूच्या दाढांचा उलटा चावा घरीही ओळखता येतो. मुलाला मोठा आ करायला सांगा आणि वरच्या-खालच्या मधल्या रेषा पाहा. मग दाढांवर दाढा टेकवायला सांगा. आ केल्यावर जुळलेल्या रेषा मिटताना एका बाजूला सरकल्या, तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता मोठी. नीट चावता यावं म्हणून मूल खालचा जबडा बाजूला सरकवतं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की चेहराही एका बाजूला झुकत वाढू शकतो.

‘सगळे दात पडू द्या’ हे इथेच महागात पडतं. टाळूच्या मधोमध हाडांचा सांधा असतो. वय वाढतं तसा तो गुंतत, घट्ट होत जातो. त्याआधी दाढांना बसवलेल्या स्क्रूच्या उपकरणानं टाळू रुंदावता येतो. किल्ली स्क्रूच्या भोकात घालायची, पुढून घशाच्या दिशेनं ढकलायची, पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत. ही पाव फेरी. टाळू साधारण पाव मिलिमीटर रुंदावतो. बहुतेकांची चूक किल्ली काढताना होते: ती तशीच पुढे ओढली तर फेरी उलटी फिरते. ती मागे, जिभेकडे झुकवून अलगद काढायची, आणि किल्लीला दोरा बांधलेला असावा, म्हणजे गिळली जाणार नाही. किती दिवसांनी फिरवायचं ते डॉक्टर ठरवतात. मधेच पुढच्या दातांत फट पडली की पालक घाबरतात. ती सांधा उघडल्याची खूण असते. फट मिटली तरी सांध्यात हाड भरेपर्यंत, म्हणजे तीन ते सहा महिने, उपकरण तोंडातच राहतं.

वरचा जबडाच मागे राहिला असेल तर त्याला पुढे ओढणारा, चेहऱ्यावर बसवायचा मास्क रोज 12 ते 14 तास लावावा लागतो, आणि त्याचा उत्तम परिणाम दहा वर्षांच्या आत मिळतो. वरचे दात पुढे असतील तर मात्र थांबणं बहुधा योग्यच. सात-आठ वर्षांपासून दोन टप्प्यांत आणि किशोरवयात एकाच टप्प्यात उपचार केलेल्यांची तुलना झाली आहे. शेवटचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. लवकर सुरुवात केलेल्यांत पडून पुढचे दात फुटणं मात्र कमी होतं. सायकल आणि मैदान यांत रमणाऱ्या मुलाबाबत हा विचार करावा.

‘किडला तर काढून टाका.’ दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत जागा राखते. ती आधीच काढली की तिच्यामागची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणारी उपदाढ अडकते. दाढ वाचत नसेल तर काढल्यावर जागा राखणारी कडी बसवतात. तिचं सिमेंट सुटलं नाही ना हे दर काही महिन्यांनी पाहायचं. ती पक्की दाढ सहाव्या वर्षी, एकही दात न पडता, सगळ्यांच्या मागे येते. घरचे तिला दुधाची समजून किडू देतात.

‘पुढे पुन्हा तार लागतेच.’ बऱ्याचदा लागते. पहिल्या टप्प्याचं काम दात सजवणं नसतं. डॉक्टरांना सरळ विचारा, दोन वर्षं थांबलो तर काय बिघडेल? उत्तर फक्त ‘दिसायला’ असेल तर थांबा.

पहिली तपासणी मात्र सातव्या वर्षापर्यंत व्हावी. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे तारेच्या डॉक्टरांच्या, संघटनेचीही हीच शिफारस आहे. दहाव्या वर्षी आणखी एक गोष्ट पाहायची: दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूनं हिरडीवर बोट फिरवलं की नव्या सुळ्याचा उंचवटा लागतो का? एकाच बाजूला लागत असेल तर एक्स-रे काढावा. वाट चुकलेला सुळा टाळूकडे जातो आणि शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो. वेळेत दुधाचा सुळा काढला तर नवा सुळा पुष्कळदा वाटेवर येतो. उशीर झाला की हिरडी उघडून, साखळी जोडून त्याला खाली ओढावं लागतं.