‘धाक असेल तरच कामगार टिकतो’? धाकानं फक्त ब्लो होल झाकले जातात

उद्यमबाग, मच्छे, होनगा, बेळगावच्या सगळ्या औद्योगिक वसाहतींतल्या ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय, ‘कामगार सांभाळायची पाच सूत्रं’. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: हल्लीच्या पोरांना कामच नको असतं. पगार वाढवला की दांड्या वाढतात. चूक झाली की जागच्या जागी दंड लावा. उचल देऊन बांधून ठेवा आणि पंधरा दिवसांचा पगार कायम आपल्या हातात ठेवा. कौतुक कधी करू नका, डोक्यावर बसतात.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली माणसं आहेत, म्हणून लिहायला घेतलं. माझी बावीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात गेली. आधी हजेरी लिहायचो, मग शॉप फ्लोअर सांभाळला.

दंडापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी ज्या कारखान्यात होतो तिथं एका पावसाळ्यात फतवा निघाला: रिजेक्ट झालेल्या प्रत्येक कास्टिंगमागे, म्हणजे ओतलेल्या नगामागे पन्नास रुपये कापायचे. दोन महिन्यांत रजिस्टरातलं रिजेक्शन निम्म्यावर आलं. मालक खूश, आम्हीही खूश. मग पंपाच्या हाउसिंगचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. त्यातला एक नग मी हातात घेतला, एका जागी रंग जरा वेगळा वाटला म्हणून नखानं खरवडलं, तर नखाखाली राखाडी पुट्टी आली. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले नग घासून साफ करणाऱ्या पोरांनी ब्लो होलमध्ये, म्हणजे ओतताना वाफ किंवा वायू अडकून पडलेल्या भोकांत पुट्टी भरली होती, वरून ग्रॅफाइट चोळलं होतं. मशीनवर पहिला कट बसला आणि भोक उघडं पडलं. जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर, शिवाय पुढची ऑर्डर गेली.

ब्लो होल का येत होते, हे सँड मिक्सरवरच्या मामांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पावसानं साच्याची वाळू आधीच दमट होती आणि पाण्याचं माप उन्हाळ्यातलंच चाललं होतं. ते बोलले नाहीत, कारण बोलेल त्याच्याच नावावर दंड पडायचा. नंतर दंड बंद केला. रोजचे खराब नग टेबलावर मांडून ठेवायचे, सकाळी दहा मिनिटं साचे करणारा मोल्डर, भट्टीवाला आणि मामा तिघांनी त्यांच्याभोवती उभं राहायचं, एवढंच ठरलं. पहिल्या आठवड्यात रिजेक्शन वाढलं. खरा आकडा तोच होता.

शिवाय असा मनाला येईल तसा दंड कायद्यात बसतही नाही. दंड कशाकशासाठी होईल ते आधी जाहीर करावं लागतं, कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि दंडाची एकूण रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर नेता येत नाही.

आता दांड्या. आपल्याकडची निम्मी पोरं यळ्ळूर, कडोली, कंग्राळीकडून येतात आणि घरी एक-दोन एकर भात असतं. जुलैतली लावण, दिवाळीच्या मागेपुढे सुगी, आणि गावची लक्ष्मी यात्रा वर्षानुवर्षांनी आली की पाहुण्यांनी घर भरलेलं. या तारखा आपल्यालाही पाठ आहेत की! तरी दरवर्षी जुलै उजाडला की आपण दांड्या मोजत बसतो. आम्ही जूनमध्येच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्यानं त्यानं आपल्या गावाचे दिवस लिहायचे असं केलं. एका मोल्डिंग लाइनवरचे दोघं एकदम जाणार नाहीत, हे पोरांनी आपसातच ठरवलं. पगारवाढीचा आणि दांडीचा संबंध मला तरी कुठं दिसला नाही. उलट कायद्यानं दुप्पट द्यायचा ओव्हरटाइम जिथं एकपट देतात, तिथं रविवारी बोलावलं की कोणी फिरकत नाही.

‘पोरांना काम नको’ म्हणणाऱ्यांनी सकाळी सातला शिनोळीच्या रस्त्यावर उभं राहून बघावं. हद्द ओलांडून महाराष्ट्रात कामाला जाणाऱ्या मोटरसायकलींची रांग दिसेल. निपाणीची पोरं कागलला जातात, इथली कित्येक गोव्याला. काम ती करतातच, आपल्याकडे करत नाहीत. सोडून गेलेल्या एकाला मी विचारलं, पगार जास्त आहे का तिकडं? म्हणाला, “फार न्हाई साहेब. पण सात तारखेला पडतो म्हंजे पडतो.” आणि आपल्याकडे कायम असलेल्याला सेफ्टी शूज, कंत्राटीला त्याची त्याची चप्पल. वितळलेलं लोखंड पायावर सांडलं तर ते हजेरीपत्रक बघून भाजत नाही.

उचलीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मुलीचं लग्न, दवाखाना, पोराची फी, यासाठी उचल द्यावीच. कागदावर लिहून, महिन्याला किती कापणार ते ठरवून, दर महिन्याला बाकीची चिठ्ठी हातात देऊन. पण ‘फिटल्याशिवाय दुसरीकडं जायचं नाही’ म्हणून दिलेली उचल ही वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्यानं गुन्हा ठरलेली. आणि अडकवून ठेवलेला पंधरा दिवसांचा पगार त्याच्या घामाचा आहे, आपलं डिपॉझिट नव्हे. महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत तो त्याला मिळालाच पाहिजे.

राहिलं कौतुक. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली कुंडलच्या माळावर गेले, किर्लोस्करवाडी वसवली आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. सगळ्या कारखान्याची राखण त्यांच्या हाती! आपल्याला मात्र ‘चांगलं केलंस’ म्हणायलाही भीती वाटते.

लॉट परत आल्यानंतरच्या त्या सकाळी टेबलापाशी मालकांनी मामांना सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, तुमचं काय मत?” तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मामा पावसाळ्यात रोज भट्टी पेटायच्या आधी वाळू मुठीत दाबून बघायचे आणि माझ्या टेबलापाशी येऊन सांगून जायचे, “आज पाणी कमी घालतो, साहेब.”