किरकोळ कारणावरून

सोलापुरातील एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर मी अनेक वर्षे काम केले. भीमाकाठच्या एका गावातील आमच्या वार्ताहराने नदीपात्रात रात्री चालणाऱ्या वाळूउपशाची बातमी छायाचित्रासह पाठवली आणि ती ठळकपणे छापून आली. दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी स्टँडवर तो अंकांचे गठ्ठे सोडत असताना चौघांनी त्याला मारले आणि त्याचा मोबाइल फरशीवर आपटून फोडला. पोलीस ठाण्यात अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी, नोंद करून त्याला घरी पाठवण्यात आले. संध्याकाळी आलेल्या प्रेसनोटमध्ये ‘किरकोळ कारणावरून मारहाण’ असे लिहिले होते आणि मी तेच शब्द मथळ्यात घेतले. कारण काय होते हे मला पुरते ठाऊक होते, कारण वाळूची ती बातमी मीच पानात लावली होती. त्या मथळ्याची बोचणी आजही जात नाही.

तेव्हा राज्यात पत्रकार संरक्षण कायदा लागू झालेला होता. विधिमंडळाने तो २०१७ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ च्या अखेरीस तो अमलात आला. त्यानुसार पत्रकारावरील हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. मग अदखलपात्र नोंद कशी झाली? ठाण्यात त्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो ओळखपत्राचा, आणि ते त्याच्याकडे नव्हते. कायदा ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे, त्याला माध्यमकर्मी मानतो. आमचा वार्ताहर तीन एकर शेती करतो, अंकांची एजन्सी चालवतो आणि जाहिरातीच्या कमिशनवर बातम्या पाठवतो. नेमणुकीचे पत्र त्याला आमच्या कार्यालयाने कधी दिलेच नव्हते, आणि म्हणून या प्रकरणातील पहिला दोष मी पोलिसांकडे नव्हे, तर वृत्तपत्रांच्या मालकांकडे आणि आमच्यासारख्या डेस्कवरच्या लोकांकडे देतो.

याहून अवघड गोष्ट अशी की, ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात वार्ताहराला आणावी लागते. मार खाण्याआधीच तो निम्मा बांधलेला असतो.

कोकणातील राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे तिथल्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या, म्हणजे रिफायनरीच्या, विषयावर सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांच्या दुचाकीला गाडीने चिरडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पत्रकार रस्त्यावर उतरले, म्हणून ते प्रकरण अपघात म्हणून विरले नाही. पण ज्याचा जीव जात नाही, फक्त फोन फुटतो आणि दात पडतो, त्याच्यासाठी कोणी रस्त्यावर येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते, त्याचे छायाचित्र छापून येते आणि विषय तिथेच संपतो. पत्रकार संघटनांनी निवेदनाआधी गुन्ह्याची प्रत मागावी, त्यात या कायद्याचे कलम लागले आहे का ते पाहावे, आणि ‘मुख्य व्यवसाय’ ही अट ग्रामीण वार्ताहरासाठी शिथिल करण्याचा आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२ जानेवारीला आपण सोलापूरकर चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. १९३१ मध्ये येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत होते, हे फार थोड्यांना आठवते. ज्या शहराचा एक हुतात्मा संपादक होता, त्या शहराने वार्ताहराला झालेली मारहाण किरकोळ मानू नये.

त्या गावाच्या बातम्या मी अजूनही शोधून वाचतो. हरिनाम सप्ताह, वृक्षारोपण, नूतन पदाधिकाऱ्यांचा सत्कार, सगळे वेळेवर आणि बिनचूक येते. गेल्या वर्षभरात नदीचा उल्लेख मला एकदाच सापडला, पूर आला तेव्हा.