कोयता सापडला की आत?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने पुण्यातला एक व्हिडिओ टाकला, पोरं कोयते नाचवत उभ्या गाड्यांच्या काचा फोडतायत, आणि खाली लिहिलं, "कोयता सापडला की दहा वर्षं आत. शिवीगाळ करणारे, देवाधर्मावर बोलणारे पण त्यांच्याबरोबरच. यात चर्चा कसली करायची?" व्हिडिओ बघून राग मलाही आला, पण त्याच्या शेवटच्या वाक्याने जास्त आला. मी लिहिलं की चर्चा करायलाच आमदार निवडून देतो ना आपण. त्यावर उत्तर, "तू ग्लासगोत बसून आम्हाला शिकवू नकोस." त्याला धडाधड अंगठे पडले. एक माझ्या सख्ख्या बहिणीचा होता.

ठीक आहे, मग ग्लासगोचंच, म्हणजे स्कॉटलंडचंच सांगतो.

2011 मध्ये सेल्टिक-रेंजर्सवरून, म्हणजे इथल्या दोन फुटबॉल क्लबांवरून (एकामागे कॅथलिक, दुसऱ्यामागे प्रोटेस्टंट) इथलं वातावरण फार तापलं होतं, सेल्टिकच्या मॅनेजरच्या नावाने पार्सल बॉम्बसुद्धा आले होते. स्कॉटलंडच्या सरकारने ठरवलं की फुटबॉलच्या वेळची आक्षेपार्ह वागणूक हा वेगळा गुन्हा करायचा, आणि तोही घाईने, सुट्टीच्या आधी. पण समितीत सदस्यांनी मंत्रीबाईंना धरलं. आक्षेपार्ह म्हणजे नेमकं काय? कोणी राणीचं राष्ट्रगीत म्हटलं तर? छातीवर क्रॉसची खूण केली तर? त्यांना कबूल करावं लागलं की एखाद्या प्रसंगी तेही यात बसू शकेल. बिल पुढे ढकललं गेलं, डिसेंबरपर्यंत काथ्याकूट झाला, आणि शेवटी 64 विरुद्ध 57 ने पास झालंच, एकट्या सत्ताधारी पक्षाच्या मतांवर. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा वाईटच होता, मी ते नाकारत नाही. पण विरोध करणारे गप्प बसले नाहीत, आणि मार्च 2018 मध्ये त्याच सभागृहाने तो 62 विरुद्ध 60 ने मोडीत काढला.

आता आपल्या आयटी कायद्यातलं 66अ कलम आठवा. शब्द तोच, 'ऑफेन्सिव्ह', आक्षेपार्ह. डिसेंबर 2008 मध्ये लोकसभेत गोंधळातच मंजूर, चर्चा नाही. मग 2012 मध्ये बाळासाहेब गेल्यानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक, त्यातल्या एकीने तर नुसतं लाईक केलं होतं. 2015 मध्ये ते कलम रद्द केलं सुप्रीम कोर्टाने. संसदेने स्वतःची चूक स्वतः निस्तरली नाही, हा फरक मला इथे बसून दिसतो आणि तो बोललो की मी शहाणपणा करतो म्हणे.

हत्याराचंही तेच. इथे बिनकामाचा चाकू घेऊन फिरलात तर पोलीस सोडत नाहीत, किचनची सुरी घ्यायची तरी सेल्फ चेकआऊट अडतं आणि कोणीतरी येऊन तोंड बघून जातं. पण कायद्यातच लिहिलंय की कामासाठी, धर्मासाठी किंवा राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून पातं जवळ असेल तर तो बचाव चालतो. म्हणून लग्नात किल्टवाल्यांच्या (इथल्या पुरुषांचा पारंपरिक घागरा) मोज्यात सुरी खोचलेली असते. ब्रिटनच्या 2019 च्या हत्यारांच्या कायद्याच्या वेळी शीख मंडळींनी खासदारांच्या मागे लागून मोठी कृपाण भेट देण्यापुरतीही सूट लिहून घेतली. हे सगळं बोलल्याशिवाय होत नाही.

आणि आमच्या घरात कोयत्यावर चर्चा नको? आमच्या? आपले आजी-आजोबा दोघं मिळून 'एक कोयता' होते रे. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. दसरा झाला की बीडहून निघायचे. आजीच्या कोयत्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असायची, घामाने काळी पडलेली, आणि कोपीत झोपताना ती तो उशाखाली ठेवायची, कारण रात्री ट्रक भरायला कधीही उठवायचे. 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये निव्वळ शेतीची आणि घरातली अवजारं वगळली आहेत. कोणीतरी तेव्हा तेवढा विचार केला होता. तुझ्या एका ओळीत ती उशी तपासली जाईल, पुण्यातला पोरगा नाही.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही, इथे लिहितो. एकदा मॅच सुटल्यावर मी ट्रेनमध्ये त्या गर्दीत सापडलो, सगळा डबा गात होता, चाल छान वाटली म्हणून मी पण हाताने ठेका धरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी दोन ओळी गुणगुणलो तर शेजारच्या माणसाचा चेहराच उतरला, त्याने हळूच सांगितलं की ते गाणं त्याच्या लोकांविरुद्ध आहे. पंधरा वर्षं झाली इथे. गावाकडे लाऊडस्पीकरवर कोणाला टोमणा मारलाय हे मला अर्ध्या शब्दात कळायचं. इथला तो फुटबॉलचा कायदा 'समजूतदार माणसाला काय आक्षेपार्ह वाटेल' असं विचारायचा, आणि तो माणूस मी नव्हतो, मला काही वाटलंच नाही.

तरी इथे कॉमनवेल्थ देशाचा नागरिक म्हणून मला मत आहे आणि मी ते देतो. तिकडे भारतात यादीत नाव घालता येतं, पण मत टाकायला स्वतः जावं लागतं, आणि मी एकदाही गेलो नाही. भाऊ दर वेळी उन्हात रांगेत उभा राहतो. हे त्याने मला तोंडावर कधी ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून भावा, तूच आमदाराला फोन लाव. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमध्ये चढणाऱ्या बाईच्या कोयत्याचं काय करणार, एवढंच विचार. मी विचारलं तर तो आधी माझा मतदारसंघ विचारेल.