आजींनी विचारलं, "काय लिवलंय ह्यात?"

सर्वांना सलाम. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. डोकं तापलेलं आहे.

आज सकाळी मित्राच्या वडिलांना बघायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. गेटच्या आत झाडाखाली पेशंटचे नातेवाईक पथाऱ्या टाकून बसतात, तिथे आपलीच, ख्रिस्ती मंडळीतली तीन-चार पोरं धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटत होती. इस्त्रीचे शर्ट, खांद्याला सॅक. कुठल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, ते लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. तिथे सुरगाण्याकडच्या एक आजी बसल्या होत्या. नवऱ्याला रात्री ॲडमिट केलेलं. हातात चुरगळलेला केसपेपर. त्यांनी एका पोराला विचारलं, "बाबा, फोटू कुठं काढत्यात?" म्हणजे एक्सरे. त्यानं आजींच्या हातात पत्रिका ठेवली, "आजी, देव तुमच्यावर प्रेम करतो" म्हणाला आणि पुढच्या पथारीकडे सरकला.

एक्सरेची खोली तिथून वीस पावलांवर होती. वीस!

मी त्याला थांबवलं. म्हटलं, अरे, यांना आधी आत घेऊन जा की. तर म्हणतो कसा, "अंकल, एवढा गठ्ठा दुपारच्या आत संपवायचाय." गठ्ठा संपवायचाय. येशूची सुवार्ता म्हणजे काय दिवाळी सेलचं हँडबिल आहे का? बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय यांच्या शास्त्रातून कोणी फाडून नेलाय का? उघड्या, उपाशी भावाला "जा बाबा, ऊब घे, पोटभर जेव" असं नुसतं तोंडानं म्हणणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय? त्यात येशू सांगतो: भुकेला होतो, तहानेला होतो, आजारी होतो. "मला पत्रिका दिलीत का" असा प्रश्न त्या यादीत मला तरी सापडलेला नाही.

घरी येऊन आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळं टाकलं. लगेच एका भाऊंनी ते ठेवणीतलं वाक्य पाठवलं, संत फ्रान्सिसच्या नावावर खपणारं: सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. वर सतरा अंगठे. मीही अंगठा दाबणार होतो. दाबला नाही, कारण तेवढ्यात आई आठवली.

ही गोष्ट जवळच्या लोकांना माहीत आहे, तरी सांगतो. ऑगस्ट 2016. नाशिकला गोदेला पूर, नदीतला दुतोंड्या मारुती बुडालेला, भांडी बाजार, सराफ बाजार सगळं पाण्यात. पप्पांचे प्रेसमधले जोडीदार, एकाच पाळीतले, भांडी बाजाराच्या मागे एका वाड्यात तळमजल्यावर राहायचे. काका पक्के रामभक्त. रिटायर झाल्यावरही रामकुंडावरची सकाळची फेरी कधी चुकली नाही. पप्पा तेव्हा हयात नव्हते. आईनं मला गाडी काढायला लावली आणि काका-काकूंना घरी आणलं. चार दिवस होते. आईनं त्यांच्यासाठी नवी कढई आणली, आमच्याकडे मटण शिजतं म्हणून. अंडंसुद्धा चार दिवस घरात आलं नाही. काका पहाटे आमच्या गॅलरीत उभं राहून रामरक्षा म्हणायचे आणि आई आत टीव्हीचा आवाज कमी करायची.

चौथ्या दिवशी निघताना काकांनी मला विचारलं, "आम्ही ना तुमच्या नात्याचे, ना जातीचे. आमचे सख्खे पुण्यात आहेत, त्यांचा फोनसुद्धा आला नाही. तुम्ही लोक हे का करता रे?"

मी म्हणालो, "काय काका, माणुसकी म्हणून."

ते गेल्यावर आई पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "माणुसकी होय? ज्याच्यामुळे केलं त्याचं नाव घ्यायला जीभ जड झाली का तुझी?"

तेव्हा मला तिचा राग आला होता. म्हटलं, घरात आश्रयाला आलेल्या माणसाला काय उपदेश करू? पुराचा फायदा उठवू? आजही एवढं नक्की म्हणेन की तेव्हा काकांच्या हातात पत्रिका ठेवली असती तर ते पाप झालं असतं. पण काकांनी स्वतःहून विचारलं होतं, हे मी कुठं टाकू? बायबलात पेत्र तेच सांगतो की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते सौम्यपणे, आदरानं द्या. विचारलं तर! काकांनी विचारलं होतं. खरं उत्तर एका ओळीचं होतं: काका, येशूनं आमच्यावर आधी प्रेम केलं, म्हणून. ऐकून काका हसले असते, "बरं बाबा" म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवशी रामकुंडावर गेले असते. जाऊ देत की! त्यांना बदलायचा ठेका माझ्याकडे नव्हता. खरं सांगायची जबाबदारी मात्र माझी होती.

आणि फ्रान्सिसचं म्हणाल, तर ते वाक्य त्याच्या कुठल्याच लिखाणात सापडत नाही. तो माणूस गावोगाव फिरून उपदेश करायचा. शब्द टाळायला त्याचंच नाव वापरायचं, वा!

आता काही मित्र म्हणतील, "सेवा करता ती धर्मांतरासाठीच ना?" कुठं कुठं आमिष दाखवलं गेलं असेल, नाही म्हणत नाही. घटनेच्या कलम 25 नं प्रचाराचा हक्क दिलाय, पण 1977 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तेही मान्य. पण म्हणून तोंडच उघडायचं नाही? आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक बघा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. साक्षात नवरा, तोही कवी, बोलण्यात कोणाला हार न जाणारा, तरी मधली पाच वर्षं बाई हलल्या नाहीत. हलल्या त्या स्वतःच्या डोक्यानं. गठ्ठा संपवणाऱ्यांनी त्या पाच वर्षांचा जरा विचार करावा.

आपण शरणपूर रोडवरून रोज जातो. कॅनडा कॉर्नरचे शोरूम दिसतात, क्लासचे बोर्ड दिसतात. शरणपूर हे नाव कशावरून, कितीजणांना माहीत आहे? 1850च्या दशकात मिशननं इथे वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इथे राहिली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम करू लागली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत एका गावात वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती या नाशिकला शिकलेल्या पोरानं. झाडावर नाव कोरलं ते यानंच. मग सगळ्यांनी मिळून ते प्रेत कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथं हजर होता. आधी वाचन कोणाचं, खांदा कोणाचा, अशी वाटणी त्यांनी केली असेल असं मला वाटत नाही.

आणि आम्ही? निम्मे पत्रिकावाले, निम्मे माणुसकीवाले. दोघंही एकमेकांवर खूश नाहीत.

हं. आता लपवत होतो ते लिहितो.

सकाळी त्या पोरावर ओरडून मी मोठ्या ऐटीत आजींना एक्सरेला नेलं. रांगेत उभं केलं, केसपेपर खिडकीत दिला, चहा आणून दिला. चहा बशीत ओतून घेता घेता त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि ती पत्रिका काढली. चार घड्या घालून जपून ठेवलेली. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "भाऊ, मला वाचता येत नाय. काय लिवलंय ह्यात?"

आणि मी, त्या पोराला अर्धा तास शास्त्र शिकवणारा मी, इकडे तिकडे बघितलं. बाजूला दोन माणसं उभी होती. म्हणालो, "देवाचं आहे आजी, चांगलं आहे." आणि गाडी लावलीये असं काहीतरी पुटपुटत निघालो.

परत तेच. माणुसकी म्हणून.

पोराचं चुकलंच, ते मागे घेत नाही. पण तो निदान लाजत तरी नव्हता. त्याला कोणी वीस पावलं चालायला शिकवलेलं नाही, एवढंच. आमच्या तरुण संघात तरी शिकवलंय का? मीच दोन वर्षं सेक्रेटरी होतो.

संध्याकाळी बायकोनं भाकरी, मेथी आणि ठेचा बांधून दिला. घेऊन गेलो. आजी पथारीवर झोपल्या होत्या, पदर तोंडावर. उठवलं नाही. शेजारच्या बाईकडे डबा दिला, सांगितलं की सकाळचा भाऊ येऊन गेला म्हणा. पत्रिका उशाला पिशवीखाली होती, कोपरा दिसत होता.

उद्या उपासना सुटली की सरळ तिकडेच जाणार आहे. डबा परत आणायचाय, आईचा आहे, स्टीलचा, तीन कप्प्यांचा. आणि आजींनी परत विचारलं तर वाचून दाखवायचंय. दोनच पानं आहेत.