‘बास प्लस सहा’ सगळीकडे चालत नाही

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांत एक मेसेज फिरू लागतो: पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेला) कोपऱ्यात ठेवा, बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) प्लस सहा डेसिबल, मिड (मधले सूर) मायनस चार करा, खोली कुठलीही असो आवाज खुलतो, बास कमी वाटला तर आणखी चढवा. या सेटिंगनं आपल्या भजनांचं नुकसान होतंय, म्हणून हे लिहितोय.

‘खोली कुठलीही असो’ हेच मुळात खोटं. कौलारू घरात खालचे सूर कौलांच्या फटींतून बरेचसे बाहेर निघून जातात. स्लॅब आणि शहाबादी फरशी असली की ते आतच घुमतात, आणि कुठला सूर घुमणार हे लांबी-रुंदी ठरवते. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं) घुमतो, १५ फूट असेल तर ३८ च्या आसपास. मग एकच आकडा दोन्हीकडे कसा चालेल?

कोपऱ्याचं तर विचारूच नका. तिथं जमीन आणि दोन भिंती स्पीकरला खेटून असतात, आणि जवळचा प्रत्येक पृष्ठभाग खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप) चढवू शकतो. त्यावर आणखी प्लस सहा! खानापूर तालुक्यातल्या एका देवळाच्या दगडी सभामंडपात मी हे ऐकलंय. पखवाजाच्या डाव्या पुडीचा नुसता गडगडाट, अभंगाचा एक शब्द कळेना. स्पीकर कोपऱ्यातून पुढं ओढून स्टँडवर चढवले, बास शून्यावर आणला, आणि मागच्या रांगेतल्या आजीही बुवांबरोबर म्हणू लागल्या. यामाहाच्या एचएस मालिकेतल्या स्पीकरांना मागं ‘रूम कंट्रोल’ बटण असतं. ५०० हर्ट्‌झखालचा आवाज त्यानं २ किंवा ४ डेसिबलनं कमी करता येतो, वाढवता येत नाही. बनवणाऱ्यांनाही भिंतीचा हा त्रास ठाऊक आहे.

मिड खाली ओढणं मला सगळ्यात जास्त खटकतं. गाणाऱ्याचा गळा, पेटी, शब्द सगळं तिथंच तर असतं.

‘कमी वाटलं तर चढवा’ हेही फसवं. स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढं असला की भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्‌झच्या आसपास मूळ आवाजाला खोडतो. बटण फिरवून दोन्ही सारखेच वाढतात, खोडणं तसंच राहतं. वर ६ डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरला चौपट पॉवर लागते, म्हणून मोठ्या ठोक्याला आवाज फाटतो. तिथं स्पीकरच पुढंमागं सरकवावा लागतो.

भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायचा सल्लाही सोबत येतो. त्या पुठ्ठ्यानं बास तसूभर हलत नाही.

आधी सगळी बटणं शून्यावर ठेवा. एकानं माइकवर अभंग म्हणावा, दुसऱ्यानं शेवटच्या रांगेत बसून शब्द ऐकावेत. घुमत असेल तर स्पीकरची जागा बदला, आणि तरीही घुमलं तर मगच बास दोन-दोन डेसिबलनं उतरवा.