खरं तेवढं सगळं सिद्ध करायचंय? मग असं करा

“सिद्ध करून दाखवा, नाहीतर खोटं” ही आपली भूमिका असेल, तर आधी गणिताची थोडी डागडुजी करून घ्या. १९३१ साली तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने घोळ घालून ठेवलाय. गृहीतकं (सिद्धतेशिवाय मान्य करून घेतलेली विधानं) परस्परविरोधी नसावीत, कुठलं विधान गृहीतक आहे हे यंत्रालाही तपासता यावं आणि नैसर्गिक संख्यांची बेरीज-गुणाकार करता यावेत. एवढं जुळलं की एक विधान असं निघतंच, जे सिद्ध होत नाही आणि ज्याचा नकारही सिद्ध होत नाही. दोहोंतलं एक तर खरं असणार! गोडेलच्या मूळ सिद्धतेत सुसंगतीची, म्हणजे परस्परविरोध नसण्याची, अट जरा कडक होती. ती पळवाट रॉसरने १९३६ मध्ये बुजवली.

काळजी नको. अटी तीन आहेत, कुठलीही एक मोडा.

पहिली मोडणं सगळ्यांत स्वस्त. ‘प’ आणि ‘प नाही’ दोन्ही मान्य करा. ‘प’वरून ‘प किंवा क’ निघतं. ‘प नाही’ म्हटल्यावर ‘क’ उरतं. ‘क’च्या जागी वाटेल ते घाला. एकही खरं विधान सिद्ध व्हायचं राहत नाही. (खोटंही राहत नाही, पण तुमची तक्रार खऱ्याबद्दल होती.)

नाहीतर गुणाकार सोडा. नुसत्या बेरजेचं अंकगणित पूर्ण आहे, हे प्रेसबर्गरने १९२९ मध्येच दाखवलंय. मूळ संख्या म्हणजे काय, हे मात्र त्यात सांगता येत नाही. कुणी विचारलं तर विषय बदला.

चोखंदळांनी अंकगणितातली सगळी खरी विधानंच गृहीतकं म्हणून घ्यावीत. प्रत्येक सिद्धता एका ओळीची! ती ओळ खरोखर गृहीतक आहे का, हे ठरवायची यांत्रिक पद्धत नाही, तेव्हा परीक्षक सर्वज्ञ नेमा.

अडलेलं विधानच गृहीतकांत ढकलू नका. वाढलेल्या यादीतही तसंच नवं विधान निघतं.

“कुठल्या गृहीतकांवरून सिद्ध होत नाही?” असं विचारणाऱ्यांपासून तर लांबच राहा. ते गुडस्टीनची क्रमिका काढतील: संख्या २ च्या घातांत लिहा, घातांकही तसेच; सगळीकडे २ च्या जागी ३ ठेवा, एक वजा करा; मग ३ च्या जागी ४... कुठूनही निघा, शेवटी शून्यच येतं. पेआनोच्या गृहीतकांवरून, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या अंकगणिताच्या नेहमीच्या यादीवरून, हे सिद्ध होत नाही (कर्बी आणि पॅरिस, १९८२), संचसिद्धांतात होतं. हाताने पडताळायचं असेल तर ४ पासून सुरुवात करा. पायऱ्या किती, ती संख्या लिहायलाच बारा कोटींहून जास्त अंक लागतात.

आणि सिद्ध झालं ते खरंच, अशीही खात्री असेल, तर पेआनोच्या यादीत “पेआनोची गृहीतकं विसंगत आहेत” हे एक गृहीतक जोडा. मूळ यादी सुसंगत असेल तर नवीही सुसंगतच राहते, आणि धडधडीत खोटं विधान एका ओळीत सिद्ध करून देते.